हे बरं दिसतंय, की हे?

एखाद्या घरी आपण आजारी माणसाला भेटायला जातो. माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. आपल्याला बघून तो हसतो, हातही पुढे करतो. आणि आपण काय करतो? त्याच्याकडे बघून मान हलवतो आणि त्याच्या बायकोला विचारतो, "आता कसं आहे यांचं?" म्हणजे खुर्चीत माणूस नाहीच, नुसते कपडे ठेवलेत! तुम्ही-आम्ही सगळे अगदी भल्या मनाने हे करतो आणि वर समाचार घेऊन आल्याचं समाधानही मिळवतो.

चष्मेवाल्या काकांच्या घरी हा प्रकार रोजचा झाला होता. येणारा काकूंना विचारायचा, काकू सांगायच्या, येणारा हळहळायचा, आणि काका आपले या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसायचे. काही जण थेट त्यांच्याशी बोलायचे, नाही असं नाही, पण ते इतक्या मोठ्याने की शेजारचे खिडकीत यायचे. काकांचे कान ठणठणीत होते, हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

काका म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. आतल्या खोलीत मुलगा डोळे तपासून नंबर काढायचा, आणि बाहेर काउंटरवर काका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम काढून द्यायचे. फ्रेम नाकावर बसवता बसवता ते गिऱ्हाइकाच्या अख्ख्या घरादाराची चौकशी करायचे. बोलण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. चष्मा दुरुस्त करायला आलेला माणूस गप्पांच्या नादात चष्मा तिथेच विसरून जायचा आणि थोड्या वेळाने चाचपडत परत यायचा.

अशा माणसाला एका सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. उजवा हात अधू झाला, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. पण बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की याला अ‍ॅफेजिया, म्हणजे वाचाघात म्हणतात. मेंदूचा शब्द शोधून देणारा भाग दुखावलाय. त्यांना समोरची वस्तू कळते, माणसं कळतात, बोललेलं बरंचसं कळतं, फक्त ऐनवेळी शब्द हाताला लागत नाही, किंवा भलताच लागतो.

काकांच्या हाताला लागला होता तो "चावी" हा शब्द. चहा हवा असला की चावी, पंखा बंद करायचा असला की चावी, शेजारच्यांचं मांजर आलं तरी चावी. आपण चुकीचं बोललो हे त्यांचं त्यांना लगेच कळायचं. मग ते डोळे मिटून, मान झटकून पुन्हा प्रयत्न करायचे आणि पुन्हा चावीच बाहेर यायची.

आणखी एक गंमत झाली होती. जन्मभर काका बायकोला "अगं" म्हणून हाक मारत आले होते आणि काकू त्यांना "अहो" म्हणत आल्या होत्या. झटक्यानंतर काकांचं "अगं" हरवलं आणि तिथे "अहो" येऊन बसलं. ते स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून स्पष्ट आवाजात "अहो" म्हणायचे. काकूंना पहिल्या दिवशी रडू आलं. मग शेजारणी हसल्या, तेव्हा काकूही हसल्या. मुलगा मात्र हसला नाही. तो दर वेळी वडिलांना सुधारायचा, "बाबा, अहो नाही, अगं म्हणा. अ-गं." काका ओशाळायचे आणि मग हाक मारायचीच बंद व्हायची.

मुलाबद्दल गैरसमज नको. वडिलांवर जीव टाकणारा मुलगा होता तो. पण एकदा घरी आलेल्या एका पाहुण्याने काकांची चावी ऐकली, फिदीफिदी हसला आणि बाहेर जाऊन चार जणांना नक्कल करून दाखवली. ती मुलाच्या कानावर आली. त्या दिवशी त्याने ठरवून टाकलं की आपल्या बापाचं हसं होऊ द्यायचं नाही. हसं होऊ द्यायचं नाही याचा त्याने काढलेला अर्थ असा, की बाबांना नीट बोलता येईपर्यंत लोकांत न्यायचंच नाही.

काकांना तर दुकानात जायचं होतं. सकाळी मुलगा निघाला की ते बूट घेऊन दारापाशी येऊन बसायचे. मुलाने मग चित्रांची कार्डं आणली: कप, कुत्रा, घड्याळ, छत्री, अशी. आणि वडिलांना सांगितलं की ज्या दिवशी ही सगळी बरोबर सांगाल, त्या दिवशी दुकानात. काकांनी मान डोलावली. शब्दाला पक्का माणूस, त्याला शब्दांचीच अट घातली गेली.

रोज सकाळी उजळणी सुरू झाली. मुलगा कार्ड धरायचा, काका घामाघूम व्हायचे, काकू पडद्याआडून देवाचं नाव घ्यायच्या. एकदा छत्रीपाशी अडकून अडकून काका इतके वैतागले की कार्ड भिरकावून "खड्ड्यात गेलं!" असं खणखणीत म्हणाले. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आयुष्यात कोणाला वावगा शब्द न बोललेला माणूस तो. मनातल्या मनात मात्र बऱ्याच वर्षांचा सराव असावा.

अशात डॉक्टरांनी पाठवलेल्या स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागल्या. घरात त्यांचं नाव पडलं स्पीचवाल्या बाई. काकूंची कल्पना होती की बोलायला शिकवणारी बाई म्हणजे फाडफाड बोलणारी असेल. या बाई तर कमालीच्या कमी बोलणाऱ्या निघाल्या. एक प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. थांबायच्या म्हणजे खरंच थांबायच्या. काकू मधेच उत्तर द्यायला लागल्या की नुसतं बोट वर करून हसायच्या. पहिल्या दिवशी काकूंना वाटलं, अशी गप्प बसण्याची फी घ्यायची असेल तर मी काय वाईट होते?

मुलाने कार्डांचा गठ्ठा बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि कुठवर मजल गेलीय ते सांगितलं. अहो-अगंचा घोटाळाही सांगितला, आणि तो आधी दुरुस्त करा म्हणाला. बाईंनी कार्डं बाजूला ठेवली आणि काकूंकडे वळल्या.

"हे 'अहो' म्हणाले की तुम्ही बघता का?"

"बघते की. जाते ना मी लगेच."

"मग त्या शब्दाचं काम झालं. तुम्हाला वाईट वाटतं का त्याचं?"

काकूंनी आधी मुलाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "खरं सांगू? इतक्या वर्षांनी कोणी मानाने हाक मारतंय. मी कशाला मोडता घालू?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी तरी पोट धरून हसलं होतं.

मग बाईंनी काकांच्या अगदी समोर खुर्ची ओढली आणि त्यांना विचारलं की तुम्हाला काय करायचंय. मुलगा म्हणाला, त्यांना बोलायचंय. बाईंनी त्यालाही बोट दाखवलं आणि थांबल्या. काकांनी तोंड उघडलं, चावी आली, त्यांनी मान झटकली. बाईंनी कागदावर दोन चित्रं काढली, एक घराचं आणि एक रस्त्याचं, आणि विचारलं, "इथे, की इथे?" काकांनी रस्त्यावर बोट ठेवलं. रस्त्यावर कुठे? काकांनी जरा विचार केला. मग नाकावरचा चष्मा काढला, डाव्या हाताने सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून त्यातून पाहिलं. अगदी काउंटरवर धरायचे तसाच.

बाई म्हणाल्या, "दुकान."

काकांनी अशी मान हलवली की चष्मा हातातून पडतोय की काय असं वाटलं.

मुलाने लगेच सांगून टाकलं की ते ठरलेलंच आहे, सगळी कार्डं झाली की दुकान. बाईंनी एवढंच विचारलं की दुकानात छत्री आणि कुत्रा किती वेळा लागतो. मुलाला ते आवडलं नाही. त्या गेल्यावर तो आईला म्हणाला, बाई माणूस म्हणून बऱ्या आहेत, पण शिस्त नाही.

जाता जाता मात्र एक गोष्ट घडली होती. बाईंनी पुढच्या भेटीची वेळ लिहायला डायरी काढली आणि हात लांब करून डोळे बारीक केले. काकांनी ते टिपलं. ते गालात हसले, आधी स्वतःच्या चष्म्याकडे बोट केलं, मग बाईंकडे, आणि म्हणाले, "चावी."

"मला चष्मा लागलाय म्हणता?"

काकांनी दिमाखात मान डोलावली. आजारपणानंतरचं पहिलं गिऱ्हाईक त्यांनी घरबसल्या पटवलं होतं!

पुढे काही आठवडे बाई येत राहिल्या. त्या शब्दांवरही काम करायच्या, पण काकांच्या उपयोगाच्या शब्दांवर: काडी, काच, स्क्रू, आरसा. काकूंना त्यांनी सांगितलं की प्रश्न लहान विचारा, एका वेळी एकच, आणि उत्तराला अवकाश द्या. काकू हळूहळू शिकल्या. मुलाची सकाळची उजळणी मात्र चालूच होती, आणि काका तीही जिवापाड करत होते, कारण दुकानाची वाट त्या कार्डांवरून जात होती.

आणि एका सकाळी काकांनी सगळी कार्डं बरोबर सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चावी नाही. मुलाने पुन्हा घेतली, पुन्हा बरोबर! त्याने वडिलांना मिठी मारली, काकूंनी गोड करायला घेतलं, आणि काका बूट पुढ्यात घेऊन बसले. बाईंची यायची वेळ होतीच. मुलाने त्यांना दारातूनच ओढत आणलं आणि त्यांच्यासमोर सगळी कार्डं तिसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदाही सगळी बरोबर.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग टेबलावरचा खराखुरा कप उचलला आणि विचारलं, "हे काय, काका?"

काका बघत राहिले. ओठ हलले. काही आलं नाही. मुलाने घाईने गठ्ठ्यातून मधलंच छत्रीचं कार्ड काढून धरलं. काका पुटपुटायला लागले, अगदी हळू, "कप... कुत्रा... घड्याळ..." पहिल्यापासून सुरुवात करून ते छत्रीपर्यंत चालत निघाले होते.

मुलाने कार्डं टेबलावर टाकली. काका शब्द शिकले नव्हते, क्रम शिकले होते. तो वडिलांना एक शब्दही टाकून बोलला नाही, पण "मग दुकान राहिलं" एवढं म्हणाला आणि निघून गेला. काकांनी बूट खुर्चीखाली सरकवले आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसले. काकूंनी केलेलं गोड तसंच झाकून राहिलं.

बाई थोडा वेळ काकांजवळ बसल्या. मग त्या दुकानाच्या रस्त्याला लागल्या.

मुलगा काउंटरवर मख्ख बसला होता. बाई म्हणाल्या, माझे डोळे तपासा, तुमच्या वडिलांनी केव्हाच सांगून ठेवलंय. धंदा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं, तपासणीची ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली, समोरच्या तक्त्यावर दिवा लावला. आणि खुर्चीजवळ उभं राहताच त्याचा आवाज बदलला. हा मुलगा कामात फार गोड होता, अगदी वडिलांवर गेलेला. बाईंना खालची ओळ वाचता येईना तर तो म्हणाला, काही हरकत नाही. मग एक काच घातली, काढून दुसरी घातली.

"हे बरं दिसतंय, की हे?"

बाई घोटाळल्या.

"सावकाश बघा. घाई नाही. परत दाखवतो. हे, की हे?"

असं बराच वेळ चाललं. तो एकदाही कंटाळला नाही. नंबर जवळजवळ निघाल्यावर बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं की कोणी तक्ता पाठ करून येतं का हो?

मुलगा खुलला. तो म्हणाला, तर! गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायचे असले की हमखास येतात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या पडद्याच्या फटीतून ओळी घोकतात आणि आत येऊन धडाधड म्हणतात. पण आपणही काही कच्चे नाही, आपण मधलंच अक्षर विचारतो. की लागले पहिल्यापासून पुटपुटायला!

"मग त्यांना काय सांगता?"

"काय सांगणार? तक्ता पाठ झाला म्हणून रस्ता दिसतो का, म्हणतो. बाबा रे, तुला..."

आणि तो तिथेच थांबला. हातातली काच हातातच राहिली. सकाळचं छत्रीचं कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार, कारण तो एकदम खाली स्टुलावर बसला.

कमी बोलणाऱ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर बोलल्या. नाकावर ती अवजड फ्रेम तशीच होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मोठा मजेशीर दिसत होता, पण हसण्याचं भान दोघांनाही नव्हतं.

"मला अक्षर दिसलं नाही. तुम्ही मला वेडी समजलात का? माझ्यावर ओरडलात का? माझ्याबरोबर कोणी आलं असतं, तर माझे डोळे सोडून त्याला विचारलं असतंत का, यांना काय दिसतंय म्हणून? नाही ना? दोन काचा दाखवल्यात, हे की हे विचारलंत आणि थांबलात. अहो, वाचाघात झालेल्या माणसाशी बोलायची हीच तर रीत आहे. तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली येते. दिवसभर परक्यांशी करता, आणि घरी बाबांची मात्र परीक्षा घेता."

मुलगा म्हणाला, "लोक हसतात हो त्यांना."

"हसतील काही जण. पण त्या हसण्याची भीती बाबांना वाटतेय, की तुम्हाला? विचारलंत कधी?"

त्याने हातातली काच जागेवर ठेवली. मग त्याने जे विचारलं ते विचारायला त्याला बरंच बळ एकवटावं लागलं. "सगळे शब्द येतील ना परत?"

"काही येतील. सगळे येतील असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. शब्दांवर काम मी करत राहीन, तुम्हीही करा. पण त्यांनी किती शब्द म्हटले हे मोजून मी खूश होत नाही. त्यांचा दिवस कसा जातो, कोण भेटतं, कशासाठी उठावंसं वाटतं, ते मला बघायचं असतं. शब्द आले की मग जगायचं, हा क्रम कोणी लावला? आधी जगू तर द्या त्यांना. शब्द यायचे असतील ते वाटेत भेटतील."

मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांच्याच खोलीत बसला होता, पुसायला मऊ फडकं हाताशी होतं, ते त्याने घेतलं. बाईंच्या नाकावरची फ्रेम काढायची राहिलीच होती. त्याने ती हलकेच काढली, नंबर लिहून दिला, दुकानाला कुलूप घातलं आणि तडक घरी गेला.

काका अजून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मुलगा त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जमिनीवर जाऊन बसला. त्याने कार्डं आणली नाहीत. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा तो मऊ आवाज काढून, दोन्ही तळवे पुढे धरून त्याने विचारलं, "बाबा, उद्यापासून दुकानात यायचं. सकाळी, की संध्याकाळी?"

आणि थांबला. सवय नव्हती, त्यामुळे त्याला ते थांबणं जड गेलं. मधे बोलायला जीभ शिवशिवत होती, पण त्याने ती दातांखाली धरली.

काकांनी एका तळव्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मग वाकून त्यांनी खुर्चीखालचे बूट ओढले आणि कित्येक दिवसांत कोणी ऐकला नव्हता असा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"आत्ता."

काकूंनी झाकून ठेवलेलं गोड तिघांनी दारात उभ्या उभ्या खाल्लं, आणि मुलाने नुकतंच लावलेलं कुलूप पुन्हा उघडलं.

ती संध्याकाळ बघायला तुम्ही तिथे हवे होतात. काका काउंटरमागे बसले आणि त्यांनी आधी सगळ्या ट्रेवरून हात फिरवला. मुलाने त्यांच्या गैरहजेरीत फ्रेमांची मांडणी बदलली होती. ती पाहून त्यांनी त्याच्याकडे असा कटाक्ष टाकला की शब्दांची काही गरजच पडली नाही. मग एक बाई आल्या, अंगापिंडाने भरलेल्या, हसतमुख, बँकेत कारकून होत्या. त्यांना नाजूक, चिमुकल्या काचांची फ्रेम हवी होती. त्यांनी ती लावली. काकांनी पाहिलं, आणि मान आडवी हलवली.

"चावी," ते म्हणाले आणि पलीकडच्या ट्रेकडे बोट केलं.

बँकेच्या बाई गोंधळल्या. त्यांनी रीतीप्रमाणे मुलाकडे बघून विचारलं, "काय म्हणतायत हे?"

मुलाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. काका काय म्हणतायत ते त्याला नेमकं माहीत होतं. त्याने हातातला छोटा स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरला आणि म्हणाला, "त्यांनाच विचारा ना. फक्त जरा वेळ लागतो त्यांना."

तेवढंच तो म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला. पडद्याच्या फटीतून बघत उभा राहिला, ते वेगळं.

बँकेच्या बाई काकांकडे वळल्या. त्यांनी पलीकडच्या ट्रेमधली एक मोठी चौकोनी फ्रेम उचलली. "ही?" काकांनी नाक मुरडलं. "मग ही?" काकांनी ती हातात घेतली, डाव्या हाताने बाईंच्या कानामागे काडी सरकवली आणि आरसा पुढे केला. बाई आरशात बघतच राहिल्या. मग त्यांनी पहिली चिमुकली फ्रेम उचलून विचारलं, "आणि हिचं काय करू?"

"खड्ड्यात," काका म्हणाले.

बाई आधी दचकल्या आणि मग अशा खदखदून हसल्या की पलीकडचा घड्याळजी दारात येऊन डोकावला. काकाही हसत होते. पडद्यामागे मुलगा हसत होता. अगदी याच हसण्याची धास्ती घेऊन त्याने बापाला घरात बसवून ठेवलं होतं!

तेव्हापासून काका रोज दुकानात जाऊ लागले. शब्द थोडे वाढले, "काडी" आली, "आरसा" आला, "चावी" अजूनही जागा सोडत नाही. बऱ्याच गिऱ्हाइकांना सवय झाली. काहींना नाही झाली. एक जण काकांनी दोनदा चावी म्हटल्यावर पाय न वाजवता सटकला. मुलाला वाईट वाटलं. पण या वेळी त्याने वडिलांना घरी पाठवलं नाही. त्याने एक पाटी करायला घेतली, म्हणजे नव्या माणसाला आल्या आल्या कळेल. मोठ्या सुवाच्य अक्षरांत त्याने कागदावर एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या:

"माझ्या वडिलांना बोलता येत नाही. कृपया माझ्याशी बोलावे."

हेतू चांगला होता, हे आता वेगळं सांगायला नको. पण एवढं तो शिकला होता, की पाटी वडिलांबद्दलची आहे तर ती आधी त्यांना दाखवायची. त्याने कागद काउंटरवर ठेवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत सावकाश वाचून दाखवला. काकूही दुकानात आल्या होत्या, त्याही वाकून बघायला लागल्या.

काकांनी पेन मागितलं. डाव्या हातात ते नीट बसत नव्हतं. त्यांनी आधी खालची अख्खी ओळ खोडली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चांगली जाड. मग ते वरच्या ओळीवर आले. बोट हळूहळू पुढे नेत "नाही"वर थांबले, मुलाकडे एकदा बघितलं, आणि "नाही" खोडलं.

कागदावर उरलं, "माझ्या वडिलांना बोलता येत".

 मुलगा त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्याने वडिलांच्या हातातून पेन घेतलं आणि "येत"मधल्या "त"वर एक टिंब दिलं.

"माझ्या वडिलांना बोलता येतं."

आज ती पाटी त्या दुकानात काउंटरवर उभी आहे. खाली वेळ द्या असं लिहायचं की सावकाश ऐका असं, हेही मुलाने काकांना विचारलं, आणि काकांनी दोन्हीला मान आडवी हलवली. तेवढं न सांगता कळलं पाहिजे, असं त्यांचं मत दिसतं.

वाचकहो, असा एखादा माणूस तुमच्या-आमच्या घरात, शेजारात, कचेरीत असतो. त्याच्या जिभेवरचा शब्द हरवलेला असतो, पण त्याची समज, त्याची चेष्टामस्करी, त्याचा राग-लोभ, त्याचं उठून कामाला जावंसं वाटणं, यांतलं काहीही हरवलेलं नसतं. त्याच्याऐवजी दुसऱ्याला विचारू नका. ओरडू नका, शब्द तोंडात कोंबू नका, परीक्षा घेऊ नका. समोर बसा, हे की हे विचारा, आणि थांबा. "त्याला बोलता येत नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं "नाही" पुष्कळदा आपणच लिहिलेलं असतं. ते खोडायची ताकद त्या माणसात असते. वरचं टिंब तेवढं आपण द्यायचं आहे.